इस्तेब्ना : तीन सरहद्दींवरच्या एका पोलिश ग्रामप्रदेशाचा आढावा

पोलंड म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित वाचकापुढे वॉर्सा, क्राकूव, शोपँचे संगीत, मारी क्यूरीचे संशोधन आणि दुसऱ्या महायुद्धातील विध्वंस एवढ्याच गोष्टी सहसा उभ्या राहतात. कोल्हापूरकरांना याखेरीज वळिवड्याची छावणीही आठवते, कारण १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, तेथे वास्तव्य करून होते. ती माणसे मुख्यतः पोलंडच्या पूर्वेकडील ग्रामीण मुलखातून सोव्हिएत अंमलाने उचलून नेलेली होती, आणि ज्या गावांच्या आठवणी ती पंचगंगेच्या काठी उराशी बाळगून बसली होती त्यांतील बहुतेक गावे युद्धोत्तर पोलंडच्या नकाशात राहिलीच नाहीत. प्रस्तुत लेखात ज्या ग्रामप्रदेशाचा विचार करावयाचा आहे तो त्याच देशाच्या अगदी दुसऱ्या, म्हणजे दक्षिणेकडील डोंगराळ टोकाला वसलेला आहे, आणि त्याचे प्राक्तन काहीसे उलटे आहे : तेथे सरहद्दी पुनःपुन्हा हालल्या, राज्यकर्ते बदलले, उपजीविकेची साधने हातची गेली, परंतु माणसे बव्हंशी जागच्या जागी राहिली. असे असता त्यांच्या चालीरीतींपैकी काय टिकले, काय गेले आणि जे टिकले ते कशाच्या बळावर टिकले, हा प्रश्न ‘रम्य लोकसंस्कृती’च्या नेहमीच्या स्तुतिपाठाने सुटणारा नाही, त्यासाठी जमीन, पाणी, वन आणि रोजगार यांचा हिशेब मांडावा लागतो.

प्रथम राज्यव्यवस्थेविषयी थोडेसे. पोलंडमध्ये स्थानिक कारभाराचा सर्वांत खालचा कायदेशीर घटक म्हणजे ‘ग्मिना’. असे सुमारे अडीच हजार घटक देशात आहेत, आणि ग्रामीण ग्मिना म्हणजे एकाच दफ्तराखाली बांधलेला काही मौज्यांचा समूह होय. साम्यवादी राजवटीत या संस्था नावापुरत्याच उरल्या होत्या. मार्च १९९० च्या कायद्याने त्यांना स्वतःची मालमत्ता, स्वतःचे अंदाजपत्रक आणि निवडून आलेली सभा मिळाली, १९९९ पासून त्यांच्यावर जिल्हा आणि प्रांत अशी नवी उतरंड आली, आणि २००२ पासून ग्रामीण ग्मिनेचा मुख्याधिकारी, ज्याला ‘वुइत’ म्हणतात, तो थेट मतदारांकडून निवडला जाऊ लागला. आपल्या सरपंचाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण त्याचे अधिकार सरपंचापेक्षा बरेच व्यापक आहेत. प्राथमिक शाळा, पाणीपुरवठा, स्थानिक रस्ते, आणि विशेष म्हणजे कोणत्या जमिनीवर बांधकाम होऊ द्यावयाचे आणि कोणत्या जमिनीवर नाही हे ठरविणारा आराखडा, हे सारे त्याच्या आणि ग्मिना-सभेच्या अखत्यारीत येते. प्रत्येक गावाला ‘सोवतिस’ नावाचा गावमुखत्यार असतो. त्याचे पद मध्ययुगापासून चालत आलेले असले तरी आज त्याच्यापाशी सत्तेपेक्षा शब्दाचे वजनच अधिक असते.

इस्तेब्ना ही सायलेशिया प्रांतातील चेशिन जिल्ह्याची ग्मिना होय. इस्तेब्ना, याव्होझिन्का आणि कोन्याकूव ही तिची तीन गावे, आणि म्हणून तिला लोकव्यवहारात ‘त्रिग्राम’ याच अर्थाचे नाव पडले आहे. क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस किलोमीटर, लोकवस्ती सुमारे १२,०००. पश्चिमेस चेक प्रजासत्ताक, दक्षिणेस स्लोवाकिया, उत्तरेस विस्वा हे पर्यटकांचे नगर. उत्तरेकडून येणारी वाट कुबालोन्का खिंडीतून खाली उतरते. रेल्वे १९३३ साली विस्वा नगराच्या वरच्या टोकापर्यंत येऊन थांबली ती थांबलीच. तिन्ही गावांपैकी एकालाही लोहमार्ग नाही, आणि या एका उणिवेने तेथील जुन्या गोष्टींचे जेवढे रक्षण केले तेवढे कित्येक संग्रहालयांनीही केले नसेल.

भूगोलाच्या दृष्टीने हा प्रदेश बेस्किड पर्वतराजीचा, म्हणजे कार्पेथियन पर्वताच्या पश्चिम शाखेचा भाग आहे. हे डोंगर उंचीने मोठे नव्हेत. कोन्याकूवच्या माथ्यावरील ओखोजीता हे बोडके, गवताळ शिखर ८९५ मीटरचे आहे. विस्तुला नदीचे उगमस्थान म्हणून पोलिश शाळकरी मुलांना तोंडपाठ असलेला बारान्या गुरा हा १,२२० मीटरचा पर्वत शेजारीच उभा आहे, पण तो विस्वाच्या हद्दीत मोडतो. खडक वालुकाश्म, गोटेमिश्रित दगड आणि शेल यांच्या आलटून पालटून रचलेल्या थरांचा आहे. खटी (क्रिटेशस) युगाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काळात समुद्रतळावर साचलेल्या या थरांपैकी एका मालिकेला भूगर्भशास्त्रज्ञांनी ‘इस्तेब्ना थर’ असेच नाव दिले आहे, त्यामुळे ज्यांनी पोलंडचे तोंड पाहिले नाही अशा कार्पेथियन-अभ्यासकांच्याही लेखणीतून या खेड्याचे नाव नित्य उतरत असते. अशा खडकावरची माती उथळ आणि आंबट, पाऊस व हिम मिळून वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक वर्षाव, हिवाळा प्रदीर्घ. ओट, बटाटा, कोबी आणि गवत यांपलीकडे जमिनीने येथे कोणाला फारसे काही दिले नाही. गहू पिकत नसलेल्या या मुलखात माणसाने वस्ती मुळात केलीच का, या प्रश्नाचे उत्तर मेंढी हे आहे. त्याकडे लवकरच वळू.

त्याआधी पाण्याची एक हकीगत सांगितली पाहिजे. युरोपचा मुख्य जलविभाजक या ग्मिनेतून जातो. गाञ्चोर्का डोंगराच्या उतारावर ओल्झा नदी उगम पावते, इस्तेब्नावरून पश्चिमेस वाहत चेशिन शहराला दुभागते आणि ओद्रा नदीमार्गे बाल्टिक समुद्रास मिळते. कोन्याकूवच्या पूर्व उतारावरचे ओढे सोवा नदीच्या द्वारे विस्तुलेत, म्हणजे बाल्टिकमध्येच पण वेगळ्या वाटेने, जातात. याव्होझिन्कातील चादेच्का हा ओढा मात्र दक्षिणेस स्लोवाकियात शिरतो, तेथून वाह नदीत, वाहमधून डॅन्यूबमध्ये आणि शेवटी काळ्या समुद्रात पोहोचतो. पोलंडचे जवळजवळ सगळे पाणी बाल्टिकला जात असल्याने या ओढ्याचे तिकडे कौतुक आहे. सरहद्द आखणाऱ्या मुत्सद्द्यांनी पाणलोटाचा कितीही आदर केला असे दाखविले तरी येथे तो आदर पाळला गेलेला नाही, हे चादेच्काच्या प्रवासावरून उघड दिसते.

आता वस्तीचा इतिहास. पंधराव्या ते सतराव्या शतकांत कार्पेथियनच्या कण्याकण्याने, आजच्या रुमानियाच्या बाजूने पश्चिमेकडे सरकत आलेल्या ‘व्लाख’ मेंढपाळांची एक दीर्घ लाट या डोंगरांत येऊन पोहोचली. मूळ रोमान्स भाषा बोलणारे हे लोक वाटेत भेटलेल्या रुथेनियन, स्लोवाक आणि पोलिश शेतकऱ्यांत मिसळत गेल्यामुळे येथवर येईतो त्यांची वाणी स्लाव झाली होती, पण उंच कुरणांवर मेंढ्या राखण्याची विद्या, दुधापासून चीज करण्याची रीत आणि त्या धंद्याचे शब्द त्यांनी सोबत आणले. इस्तेब्नाचा लेखी उल्लेख १५८३ सालचा आहे. याव्होझिन्का आणि कोन्याकूव ही गावे त्यानंतर सतराव्या आणि अठराव्या शतकांत कागदोपत्री दिसू लागतात. हा सारा मुलूख चेशिनच्या संस्थानाचा. तेथील पिआस्त घराण्याची गादी १६५३ साली निपुत्रिक होऊन संस्थान हाब्सबुर्ग सम्राटांकडे गेले. १७४२ साली प्रशियाच्या फ्रेडरिकने उरलेला बहुतेक सायलेशिया जिंकून घेतला तेव्हाही हा कोपरा ऑस्ट्रियापाशीच राहिला, आणि म्हणून १९१८ पर्यंत येथील शेतकऱ्याचा सारा, त्याची लष्करभरती आणि त्याचे दावे हे सर्व व्हिएन्नाच्या कायद्यानुसार चालले.

संस्थानाच्या खासगी जहागिरीचे दफ्तर ‘चेशिन कामेरा’ या नावाने ओळखले जाई. मेंढपाळांना उंचावरील कुरणांवर चराईचा हक्क होता, त्याच्या बदल्यात ते मेंढ्या, चीज आणि रोख रक्कम भरीत. अशा चराईच्या ठिकाणाला आणि तेथील सामायिक व्यवस्थेला ‘सावाश’ म्हणत. अनेक शेतकऱ्यांच्या मेंढ्या उन्हाळाभर एका ‘बात्सा’च्या, म्हणजे मुख्य मेंढपाळाच्या, हवाली केल्या जात, त्याच्या हाताखाली ‘युहास’ नावाचे गडी असत, आणि प्रत्येक मालकाच्या मेंढ्यांचे दूध मापून त्या मानाने त्याला चीज मिळे. ही व्यवस्था म्हणजे केवळ एक धंदा नव्हती. कोणाची कुरणे कोठवर, कोणाची पाण्याची वाट कोणती, कोणत्या दिवशी वर चढावयाचे आणि कोणत्या दिवशी उतरावयाचे, बात्साची निवड कोणी करावयाची, मेंढी दगावली तर नुकसान कोणी सोसावयाचे, हे सर्व ठरविणारे ते एक अलिखित परंतु कडक ग्रामसंविधान होते, आणि आज ज्याला आपण ‘परंपरा’ म्हणतो तिचा फार मोठा भाग या हिशेबाचा अवशेष आहे.

या व्यवस्थेवर घाला आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि आला तो कारखान्याच्या बाजूने. कामेराने १८३९ साली त्रिनेत्स येथे लोखंडाचा कारखाना काढला. लाकडाला आणि कोळशाला मागणी आली, आणि ज्या उतारावर मेंढी चरते तो उतार जहागीरदाराच्या हिशेबात तोट्याचा ठरू लागला. १८४८ साली वेठ संपली ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट, पण लगेच १८५३ च्या शाही फर्मानाने वनांतील आणि कुरणांतील वहिवाटी हक्क मोबदला देऊन मिटविण्याची वाट मोकळी करून दिली, आणि पुढील काही दशकांत सावाशांपैकी बहुतेक कुरणे जहागिरीच्या ताब्यात जाऊन त्यांच्यावर स्प्रूसच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. कायदेशीर अर्थाने कोणावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही, मोबदल्याच्या पावत्या दफ्तरात असतील. पण मोबदल्याच्या पैशाने दुसऱ्या डोंगरावरचे कुरण विकत मिळत नव्हते, हे त्या पावत्यांत लिहिलेले नाही. आपल्याकडे राखीव वनांच्या कायद्यांनी सह्याद्रीतील धनगर-गवळ्यांच्या वाट्याला जे आले त्याची ज्यांना माहिती आहे त्यांना या हकीगतीचे अधिक स्पष्टीकरण नको.

या वनाच्या कथेचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. इस्तेब्नाचा स्प्रूस उंच, सरळ आणि दणकट निघाला, इतका की त्याचे बीज निरनिराळ्या देशांतील तुलनात्मक लागवडींत नावाजले गेले आणि जंगलखात्याच्या जगात ‘इस्तेब्ना’ ही एक प्रतिष्ठित जात मानली जाऊ लागली. परंतु एकाच जातीचे, एकाच वयाचे वन म्हणजे एकाच खांबावर उभारलेले घर. विसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक धुराने खंगलेली, मुळांवरच्या बुरशीने पोखरलेली आणि अवर्षणाने तहानलेली ही झाडे साल खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या तावडीत सापडली, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात उतारच्या उतार उघडे पडले. आज तेथे बीच आणि फर यांची मिश्र लागवड चालू आहे, याव्होझिन्काच्या हद्दीत कार्पेथियन वृक्षबीजांची एक पेढी उभारलेली आहे, आणि वनखात्याच्या पिंजऱ्यांत डोंगरी रानकोंबड्याची, म्हणजे ‘गुशेत्स’ या पक्ष्याची, पैदास करून तो पुन्हा रानात सोडला जातो. निसर्गाची स्वतःची व्यवस्था मोडून दीड शतकाने ती सरकारी खर्चाने परत बसविण्याचा हा खटाटोप आहे.

सरहद्दीची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळल्यावर चेशिनवर पोलंड आणि चेकोस्लोवाकिया दोघांनीही दावा सांगितला, जानेवारी १९१९ मध्ये सात दिवसांची लढाई झाली, आणि २८ जुलै १९२० रोजी दोस्त राष्ट्रांच्या राजदूत-मंडळाने ओल्झेच्या अनुरोधाने प्रदेश दुभागला. त्रिग्राम पोलंडकडे आले. त्रिनेत्सचा कारखाना आणि याब्लुन्कोव्हचा बाजार पलीकडे राहिले. याव्होझिन्काची एक वाडी, हर्चावा, पोलंडकडे गेली होती खरी, पण तेथील लोकांच्या आग्रहावरून ती १९२४ साली चेकोस्लोवाकियास देण्यात आली. १९३८ मध्ये पोलंडने पलीकडचा पट्टा बळकावला, पुढच्याच वर्षी जर्मनीने सगळेच गिळले, आणि १९४५ नंतर १९२० चीच रेषा पुन्हा कायम झाली. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोवाकियाचे विभाजन झाले तेव्हा याव्होझिन्काच्या शेतांच्या कडेला तीन राष्ट्रांचा संगम आपोआप निर्माण झाला. तेथे आता तीन पाषाणस्तंभ उभे आहेत. डिसेंबर २००७ पासून शेंगेन कराराने नाकी उठल्यामुळे लोक या स्तंभांभोवती सहल करतात, आणि चुलतभावाकडे जाण्यासाठी परवाना काढावा लागत असे हे तरुणांना सांगितले तर अतिशयोक्ती वाटते.

लोकसंख्येचा विचार करता पहिली लक्षणीय गोष्ट ही की, युरोपातील डोंगराळ खेडी रिकामी होत असताना हा प्रदेश रिकामा झालेला नाही. दर चौरस किलोमीटरला सुमारे १४० माणसे ही घनता अशा नापीक जमिनीवर थोडी नव्हे. वस्ती मात्र एकवटलेली नाही. चर्च, शाळा आणि कचेरी यांच्याभोवती छोटेसे गावठाण, आणि बाकीची घरे डोंगराच्या सोंडांवर, वाड्यावाड्यांत विखुरलेली. थोडीच कुळे पिढ्यानुपिढ्या आपसांत सोयरीक करीत राहिल्यामुळे कुकुच्का, लेगिएर्स्की, युरोशेक अशी आडनावे इतक्यांची आहेत की नुसत्या आडनावाने माणूस ओळखू येत नाही, म्हणून घराण्याचे किंवा वाडीचे उपनाव व्यवहारात चालते. देशमुख-पाटलांच्या गावात राहिलेल्या मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. शेती पोटापुरतीही नसल्याने पुरुष पूर्वीपासून लाकूडतोड आणि सुतारकीवर, नंतर कारखान्यांवर आणि खाणींवर, आणि अलीकडे सरहद्दीपलीकडील त्रिनेत्सपासून ऑस्ट्रियातील बांधकामांपर्यंत मजुरीस जात आले आहेत. घर टिकून राहिले ते बाहेरून आलेल्या या पैशामुळे आणि घरी राहिलेल्या स्त्रियांच्या हातांमुळे.

धर्माच्या बाबतीत शेजाऱ्याशी असलेला भेद कुतूहलजनक आहे. सोळाव्या शतकात चेशिनच्या ड्यूकने ल्यूथरचा पंथ स्वीकारला आणि प्रजाही तिकडे वळली. पुढे १६१० च्या सुमारास गादीने कॅथलिक पंथ पुन्हा धरला, तरी डोंगरांतील पुष्कळ गावे ल्यूथरवादीच राहिली, आणि खिंडीपलीकडचे विस्वा नगर पोलंडसारख्या कॅथलिक देशात आजही प्रॉटेस्टंटांचे ठाणे म्हणून ओळखले जाते. इस्तेब्ना मात्र जवळजवळ संपूर्ण कॅथलिक आहे. याचे श्रेय अठराव्या शतकात या डोंगरांत फिरलेल्या लेओपोल्ड तेम्पेस या जेझुइट धर्मोपदेशकास देण्यात येते. त्याने उभारलेल्या लाकडी प्रार्थनामंदिराच्या जागी १७९४ साली दगडी चर्च पूर्ण झाले. त्याच्या आतील चित्रकाम लुद्विक कोनाझेव्स्की आणि याच गावचा सुपुत्र यान वावाख यांनी केले. वावाख (१८८४–१९७९) क्राकूव आणि पॅरिस पाहून परत आला, आणि उरलेले दीर्घ आयुष्य त्याने आपल्या शेजाऱ्यांची तोंडे, त्यांची घोंगडी आणि त्यांची झाडे लाकडी ठशांत कोरण्यात घालविले. पॅरिसहून परत येऊन खेड्यात राहणारे चित्रकार पुष्कळ असतात. खेड्याला करमणुकीचा विषय न करणारे थोडे, आणि वावाख त्या थोड्यांत मोडतो.

बोलीचा उल्लेख एवढ्याचसाठी की ती जिवंत आहे. चेशिन-सायलेशियाची ही बोली पोलिशच्याच कुळातील, परंतु चेक, स्लोवाक आणि जर्मन शब्दांनी भरलेली. तिचे भाषक तिला ‘पो नाशिमू’, म्हणजे ‘आपल्यासारखे’ बोलणे, एवढेच म्हणतात. शाळेत प्रमाण पोलिश आणि घरी ही बोली असा दुहेरी संसार तेथे अजून चालू आहे.

सण-उत्सवांपैकी पुष्कळसे सर्व बेस्किडांत समान आहेत. नाताळच्या दिवसांत शुभशकुनाचा पाहुणा, ‘पोवाझ्निक’, सजविलेली हिरवी डहाळी घेऊन घरोघरी येतो. वसंताच्या तोंडी हिवाळ्याचे प्रतीक असलेली ‘माझान्ना’ ही बाहुली पाण्यात बुडविली जाते आणि मुली फिती लावलेले स्प्रूसचे रोपटे मिरवीत फिरतात. ईस्टरच्या सोमवारी पाणी उडविण्याची धमाल असते. हिवाळ्याच्या रात्री शेजारणी एकत्र बसून हंसांची पिसे सोलीत आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगत, ती चाल आता सांस्कृतिक केंद्रातील प्रयोगापुरती उरली आहे. पोशाखाबाबत निराळी स्थिती आहे. पुरुषांची तांबडी बंडी आणि पांढरी लोकरी विजार, पायांत ‘कियेर्प्त्से’ नावाच्या चामडी वहाणा, हा वेष रोजच्या वापरातून गेला, परंतु कॉर्पस क्रिस्टी या सणाच्या मिरवणुकीस आणि लग्नास तो अजून आपसूक घातला जातो, त्यासाठी पर्यटकाची वाट पाहावी लागत नाही.

संगीतात ‘गाय्दी’ हे वाद्य प्रमुख. बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, काखेत दाबावयाचा भाता, एक सुरावटीची नळी आणि एक अखंड षड्ज धरणारी लांब नळी अशी ही पुंगीच्या जातीची रचना आहे, आणि तिच्या जोडीला एकच व्हायोलिन असते. दोन वाद्यांचा हा मेळ ऐकणाऱ्याला प्रथम कर्कश वाटतो. आपल्या कानाला त्यातील अखंड आधारस्वर मात्र ओळखीचा वाटेल. इस्तेब्नाच्या यान काव्हुलोकने (१८९९–१९७६) ही वाद्ये, तसेच लांब लाकडी कर्णे आणि पावे, स्वतः घडविले आणि इतरांना शिकविले. धुराडे नसलेले, १८६३ साली बांधलेले त्याचे लाकडी घर आज पाहावयास मिळते. गावच्या गायन-नर्तन मंडळाची परंपरा १९०१ पर्यंत मागे जाते. याच मातीशी नाते सांगणारा, परंतु सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात गाजलेला पुरुष म्हणजे गिर्यारोहक येझी कुकुच्का. त्याचा जन्म कातोवित्सेचा, पण घराणे इस्तेब्नाचे. आठ हजार मीटरवरील चौदाही शिखरे १९७९ ते १९८७ या आठ वर्षांत सर करून तो मेसनरनंतरचा दुसरा विक्रमवीर ठरला आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये ल्होत्सेच्या दक्षिण कड्यावर त्याचा अंत झाला. त्याच्या स्मरणार्थ गावात एक दालन ठेवले आहे.

मेंढपाळी मात्र खरोखरच मरणाच्या दारातून परत आली आहे. साम्यवादी काळात सरकार लोकर ठराविक भावाने खरेदी करी, म्हणून १९८० च्या दशकात पोलंडमध्ये चाळीस लाखांहून अधिक मेंढ्या होत्या. १९८९ नंतर ती खरेदी थांबली, आणि शतक संपेतो आकडा चार लाखांच्याही खाली उतरला. कुरणांवर झुडपे वाढली, बात्साची विद्या म्हाताऱ्यांपुरती राहिली. पुनरुज्जीवन झाले ते दोन कारणांनी. एक तर २००८ साली युरोपीय संघाने ‘ओस्त्सिपेक’ या धुरी दिलेल्या चीजला मूळस्थानाचे संरक्षण दिले. तात्रा पर्वताच्या या प्रसिद्ध पदार्थाच्या मान्य क्षेत्रात चेशिन जिल्ह्यातील इस्तेब्ना या एकाच ग्मिनेचा समावेश झाला. निदान साठ टक्के दूध मेंढीचे असलेच पाहिजे, हा त्यातील नियम मेंढीला पुन्हा किंमत देणारा ठरला. दुसरे कारण म्हणजे प्रांतिक सरकारचे चराईसाठीचे अनुदान : मेंढी चरल्याने कुरण उघडे राहते आणि त्यावरील दुर्मीळ वनस्पती जगतात, म्हणून मेंढपाळाला आता निसर्गरक्षणाचा मोबदला मिळतो. वसंतात कोन्याकूवला निरनिराळ्या मालकांचे कळप एकत्र करण्याचा विधी पुन्हा थाटात होतो, आणि २०१३ साली मेंढपाळांनी रुमानियापासून चेक भूमीपर्यंत, पूर्वजांच्या मार्गाने, कळपासह पायी प्रवास केला. या प्रवासात प्रसिद्धीचा भाग होता यात शंका नाही. तथापि मेंढ्यांना प्रसिद्धी कळत नाही, त्यांना वाटेत चारावेच लागते, आणि चारण्याचा हक्क मागताना सहा-सात पिढ्यांपूर्वीचे प्रश्न जसेच्या तसे उभे राहिले असणार.

आणि कोन्याकूवची लेस. हा या ग्मिनेचा सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत वादग्रस्त वारसा. विवाहित स्त्रीने डोक्यास बांधावयाच्या टोपीला, म्हणजे ‘चेपिएत्स’ला, कपाळाशी लेसची पट्टी असे, लग्नात नवरीची माळ उतरवून ही टोपी घालण्याचा विधी महत्त्वाचा मानला जाई. या पट्टीसाठी स्त्रिया बारीक सुती दोऱ्याने, एका आकड्याच्या सुईने, फुले, पाने आणि तारे विणीत आणि ते सुटे तुकडे जाळीने जोडीत. छापील नमुना नसतो. प्रत्येकीची फुले निराळी, आणि जाणकार बाई तुकडा पाहून तो कोणाच्या हातचा हे सांगू शकते. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरी पाहुण्यांच्या मागणीवरून टोपीवरची लेस मेजावर उतरली. मारिया ग्वारेक (१८९६–१९६२) या कर्तबगार स्त्रीने नवे आकृतिबंध रचले, शेजारणींना शिकविले आणि कामाला बाजार मिळवून दिला. युद्धानंतर सहकारी संस्था आणि सरकारी हस्तकला-भांडार यांच्यामार्फत या लेसचे मेजपोस आणि वेदीवस्त्रे देशोदेशी गेली. कित्येक घरांत थंडीच्या दिवसांत येणारे रोख उत्पन्न एवढेच असे.

१९८९ नंतर सरकारी खरेदी बंद पडली, आणि मेजपोसाला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा २००३ च्या सुमारास काही विणकर स्त्रियांनी त्याच फुलांची अगदी तोकडी अंतर्वस्त्रे विणून विकावयास काढली. एकच गहजब उडाला. ज्या फुलांनी वेदी आणि पोपचे वस्त्र सजले ती फुले अशा ठिकाणी लावणे हा अधर्म, असे जुन्या पिढीने म्हटले; पोटाला धर्म विचारून चालत नाही, असे दुसऱ्या बाजूने. वृत्तपत्रांना हा विषय आवडला आणि कोन्याकूवचे नाव जगभर झाले. माझ्या मते वादाच्या मुळाशी धर्म नव्हता, अधिकार होता : सामायिक कसबावर निर्णय कोणी द्यावयाचा? कुरणाच्या बाबतीत हा प्रश्न बात्सा आणि मालकांच्या बैठकीत सुटत असे. लेसच्या बाबतीत अशी बैठक कधी अस्तित्वातच नव्हती. पुढे २०१३ मध्ये विणकर स्त्रियांनी पाच मीटर व्यासाची लेस विणून विक्रम नोंदविला, २०१७ साली हे कौशल्य पोलंडच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेले, आणि २०१९ मध्ये गावात लेसचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. आता कर्णभूषणे, गळपट्टे आणि फॅशनगृहांसाठी तुकडे विणले जातात. तासांच्या मानाने मोबदला आजही कमीच पडतो, आणि यंत्रावर केलेली स्वस्त नक्कल बाजारात आहे. तरीही ज्यांना ही कला ‘शुद्ध’ हवी आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, टोपीवरून मेजावर उतरताना तिचे पहिले शुद्धत्व मोडलेच होते, आणि त्या मोडण्यानेच ती शंभर वर्षे जगली.

सध्याचा खरा पेच जमिनीचा आहे. कातोवित्सेच्या खाण-प्रदेशातील लाखो लोक मोटारीने दोन तासांच्या आत येथे पोहोचतात. बर्फावरच्या घसरगुंडीचे उतार, पाहुणघरे आणि उपाहारगृहे यांनी अनेक घरांना रोजगार दिला, आणि परदेशी मजुरीस जाणे काहींचे थांबले. त्याच वेळी ज्या उघड्या माथ्यांवरून तात्रा पर्वतापर्यंतचा देखावा दिसतो ते माथे उन्हाळी बंगल्यांसाठी तुकड्यातुकड्यांनी विकले जात आहेत, आणि एकरभर कुरणाची बांधकामाची किंमत आजन्म चीज विकून मिळणार नाही एवढी असते. विकणारा शेतकरी लोभी आहे असे म्हणणे सोपे, परंतु त्याच्या पणजोबाचा चराईचा हक्क पावती देऊन काढून घेतला गेला होता, आणि पणतूला आपल्या जमिनीची किंमत प्रथमच स्वतः ठरविता येत आहे, हेही विसरता येत नाही. भूमि-उपयोगाचा आराखडा मंजूर करण्याचा अधिकार १९९० च्या सुधारणांनी ग्मिना-सभेस दिला; तिच्या पंधरा सभासदांपैकी बहुतेकांची स्वतःची किंवा भाऊबंदांची जमीन याच उतारांवर आहे, आणि मेंढ्यांचे अनुदान, ओस्त्सिपेकचा शिक्का किंवा लेसचे केंद्र यांच्याहून त्या आराखड्यावरील मतदानाकडेच तेथील लोकांचे लक्ष अधिक लागलेले असते.